कॅमेरा, एक नग

भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरमध्ये एम.एस्सी. झालेली मी पहिली नव्हे. माझ्याआधी आळीतलाच एक जण वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि पुढे फटाक्यांचं दुकान टाकून बसला. पण गावात ‘बॉम्बवाली’ म्हणतात ते मला. बॉम्ब विकतो तो, नाव माझं. अणूचं शिकली म्हणजे बॉम्बच करणार, दुसरं काय करणार, इतका साधा विचार. आईला बाजारात बायका विचारायच्या, “तुजे पोरीचा बॉम्ब झाला का गो पुरा?” आणि आई, जिला मी काय करते ते शेवटपर्यंत कळलं नाही, ठसक्यात सांगायची, “अजून टाइम हाय.”

या अंकाच्या संपादकांनी मला ‘अणुविज्ञानातलं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यातल्या संधी’ असा विषय दिला. वर म्हणाले, तरुणांना प्रेरणा मिळेल असं लिहा. बरं, लिहिते. प्रेरणेचं मात्र ज्याने त्याने बघावं.

तर संधी. एम.एस्सी.ची दोन वर्षं आम्ही शर्टाच्या बटणाएवढ्या एका किरणोत्सारी तुकड्याभोवती काढली. तो शिशाच्या विटांच्या आड असायचा आणि आम्ही त्याच्यासमोर वह्या घेऊन. सर सांगायचे, तुम्ही देशाचं भविष्य आहात. पहिली संधी म्हणजे सरकारी संशोधन केंद्र. तिथे हजारातून मूठभर घेतात, मी काही त्या मुठीत मावले नाही. दुसरी संधी परदेशात पीएच.डी. बाबा म्हणाले, “खाडीपल्याड जा, मी न्हाय बोलत न्हाय. समुद्रापल्याड न्हाय.” तिसरी संधी म्हणजे आणखी एक वर्ष किरणांपासून बचाव कसा करायचा त्याची पदविका करायची आणि मग कुठल्या तरी इस्पितळात नाही तर कारखान्यात ‘सुरक्षा अधिकारी’ व्हायचं. मी झाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हाड मोडलं की एक्स-रे काढतात ना, तसा लोखंडाचाही काढावा लागतो. तेलाची, गॅसची पाइपलाइन टाकली की दोन पाइपांचा जोड आतून नीट भरलाय की पोकळ राहिलाय, ते बाहेरून दिसत नाही. मग त्या जोडाच्या एका बाजूला फिल्म चिकटवायची आणि दुसऱ्या बाजूने किरण सोडायचे. हे किरण तांदळाच्या दाण्याएवढ्या एका धातूच्या कणातून निघतात. त्या दाण्याला आम्ही सोर्स म्हणतो. काम नसताना सोर्स एका जड डब्यात कुलूपबंद असतो. डबा दिसायला छोटा, उचलायला गेलं तर पाठीचा काटा ढिला होतो, कारण आत किरण अडवायला जड धातू भरलेला असतो. डब्यात सोर्स आहे तोवर डबा गरीब गाय. पण सोर्स बाहेर आला आणि कुणी तो खिशात घातला, तर मांडी सडते. म्हणून प्रत्येक कंपनीत किरण मोजायचा मीटर घेऊन फिरणारं एक माणूस कायद्याने लागतं. कायद्याने लागतं म्हणूनच ठेवतात, नाही तर कोण ठेवतंय!

या डब्याला धंद्यात ‘कॅमेरा’ म्हणतात. फोटो काढतो म्हणून. ज्याने हे नाव ठेवलं त्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत, त्या का ते पुढे येईलच.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अशा एका कंपनीत होते. आमचे कामगार गुजरातपासून कोकणापर्यंत साइटवर. प्रत्येकाच्या छातीला एक बिल्ला असतो, त्याला किती किरण लागले ते त्यावरून कळतं. एकाच्या बिल्ल्यावर वर्षभर काहीच येईना. मी हरखले, काय शिस्तीचा माणूस आहे! त्याच्या घरी गेले तर बिल्ला देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेला. म्हणे, “तुमीच बोल्लात ना मॅडम, जपून ठेव.” दुसऱ्याने बिल्ला रात्रंदिवस कॅमेऱ्याच्या डब्याला बांधून ठेवला होता, कारण आकडा वाढला की कामावरून उठवून भरपगारी रजा देतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोघांनाही मी तासभर समजावलं. दोघांनीही मान डोलावली. मान डोलावण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार!

घरच्या आघाडीवर वेगळीच गंमत. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आत्याने खोलीतला दिवा बंद करायला सांगितला. आम्हाला वाटलं, लाइट वाचवतायत. मग कळलं, मुलगी अंधारात चमकते का ते त्यांना बघायचं होतं. नाही चमकले. तरी नकार आला, “पोरं व्हायची न्हाईत हिला” म्हणून. शेवटी भिवंडीच्या पालिकेतल्या एका कारकुनाने मला पत्करलं. त्याचं म्हणणं, माझ्या ऑफिसात यापेक्षा जास्त विष आहे.

आणि भिवंडीतला तो लूमवाला! माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा, कापडाचे ऐंशी लूम, अत्तराचा वास, गोड जिभेचा म्हातारा. भारनियमनाने बेजार झाला होता. मला मोठ्या आदराने चहा पाजला, बिस्किटं पुढे केली आणि हळूच म्हणाला, “बेटी, वो अणु का कोई छोटा मशीन आता है क्या? बस अस्सी लूम चले, इतनाच.” मी म्हटलं, चाचा, अणुभट्टी म्हणजे जनरेटर नाही हो. तो उसासा टाकून म्हणाला, “तो फिर इतना पढ के क्या फायदा?”

हे सगळं हसण्यावारी गेलं. आता जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, आणि ती अजून सलते.

एका गुरुवारी रजिस्टर तपासताना लक्षात आलं, एक कॅमेरा साइटवरून निघाला आहे पण आमच्याकडे पोचलेला नाही. नियम असा की कॅमेरा कंपनीच्या जीपमध्ये, शिकलेल्या माणसाबरोबर, कुलपात आणायचा. साइटवरच्या सुपरवायझरला मेहुणीच्या लग्नाला जायची घाई होती. त्याने तो लोखंडी पेटीत घालून, पेटीला कुलूप लावून, चक्क मालट्रकवर चढवला. पावतीवर लिहिलं, ‘कॅमेरा, एक नग’. आणि गेला वरातीत नाचायला.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “आधी शोधा, मग वर, सरकारला कळवू. उगाच बोभाटा नको.” मी बाहेर आले, आधी वर कळवलं आणि मग शोधायला निघाले. नोकरीत केलेल्या शहाणपणाच्या गोष्टी दोन-तीनच, त्यातली ही एक. मालकांना ती शहाणपणाची वाटली नाही.

शोधत शोधत शुक्रवारी दुपारी माग लागला तो कुठे? दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात! माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. मी दोन दिवस सुरतेपर्यंत फोन फिरवतेय आणि पेटी माझ्या आईच्या घराशेजारी. काखेत कळसा म्हणतात तो हा.

आमचा ड्रायव्हर शंकर आणि मी मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरांच्या गर्दीत तासभर अडकून एकदाचे त्या गोदामात पोचलो. गोदामाचे मुनीम इक्बालभाई, इथलेच, खाडीकाठच्या जुन्या घराण्यातले. हसतमुखाने सामोरे आले. “टेन्शन घेऊ नका मॅडम. कॅमेरा एकदम सेफ. महागडी चीज, म्हणून मी बाकी मालात ठेवलाच नाही. ऑफिसच्या बाहेर, पंख्याच्या खाली ठेवला. लेन्सला बुरशी लागते ना.”

“पेटीवरचं चिन्ह नाही बघितलं?”

“बघितलं ना. तीन पात्यांचा पंखा. म्हणून तर पंख्याखाली ठेवला.”

आता बोला! किरणोत्साराचं ते पिवळ्यावरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह जगभर धोक्याची खूण म्हणून लावतात. इक्बालभाईंनी त्याचं मनोभावे पालन केलं होतं. माझा राग निवला, कारण त्या गोदामात त्या पेटीची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी आमच्या कंपनीत कधी घेतली नव्हती.

पेटी बघितली. कुलूप शाबूत, आतला डबा शाबूत, सोर्स जागच्या जागी. मीटर लावला. पेटीच्या अगदी अंगालगत थोडी टिकटिक, दोन हात लांब गेलं की जवळपास काही नाही. सोर्स जुना होता, जोर ओसरलेला. मी पेटी उचलायला शंकरला हाक मारली. आणि तेवढ्यात लक्ष गेलं, पेटीवर गोणपाट दुमडून घातलं होतं.

“हे कशाला?”

“ती वैशाली बसते ना,” इक्बालभाई म्हणाले. “पोटुशी आहे. गोदामात कसलं गरम होतं! पंख्याखाली बस म्हटलं, जेवायला.”

वैशाली तिथे पॅकिंगच्या कामाला होती. तेविसेक वर्षांची, चौथा महिना. चार वर्षं वाट बघून राहिलेलं पोर. तिची सासू हिराबाय त्याच गोदामात झाडलोट करायची. जिथे गोदाम उभं होतं ते शेत एके काळी हिराबायच्या सासऱ्याचं. ते विकून आलेले पैसे दिरांनी संपवले आणि सासू-सून आपल्याच जमिनीवर पगारी नोकर झाल्या.

मी वैशालीला समोर बसवलं. कधीपासून बसत होतीस, किती वेळ, कशी? चार दिवस, जेवणाला आणि चहाला, सगळं मिळून पाचेक तास. मी तिथेच गणित केलं. दोनदा केलं. तिला लागलेले किरण इतके कमी होते की कमरेचा एक एक्स-रे काढला असता तर त्याच्या कितीतरी पट जास्त लागले असते. काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, ती हसली, डबा उघडून जेवायला बसली. या खेपेस पेटीपासून लांब.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण हिराबाय आली, झाडू हातात तसाच. “बाय, सुनंला काय होनार त न्हाय ना? मना कागदावर लिवून दे. मना वाचता येत न्हाय, पन घरान पोराला दाखवीन.”

मी लिहून दिलं. आणि काय लिहिलं! सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेल्या माणसाला मराठीत लिहायला सांगितलं की त्याच्या अंगात सरकार येतं. कंपनीच्या कागदावर, वर ते तीन पाकळ्यांचं चिन्ह, खाली माझी ऐटबाज सही आणि मध्ये हे वाक्य: ‘सदर महिलेच्या गर्भास झालेल्या किरणोत्सर्गाचे प्रमाण अत्यल्प असून त्यापासून संभवणारा धोका नगण्य आहे.’ लिहून झाल्यावर मी ते स्वतःशी एकदा वाचलं आणि मला ते आवडलं, हेही कबूल करते. मग पेटी जीपमध्ये चढवली, शेजारच्या सीटवर बसले आणि ऑफिसला घेऊन आले.

सोमवारी सकाळी इक्बालभाईंचा फोन. आवाज उतरलेला. “मॅडम, वैशाली कामावर नाही आली. दवाखान्यात नेली, पोर पाडायला. तुम्हीच लिहून दिलं ना, खूप धोका आहे म्हणून?”

“मी? मी असं कुठे लिहिलं?”

“दिनेशने वाचून दाखवलं. तिच्या नवऱ्याने.”

मी शंकरला हाक मारली आणि जशी होते तशी निघाले. वाटेत शंकर म्हणाला, “मॅडम, पानी तरी प्या.” मी बाटली तशीच परत दिली. ज्या पोराला माझ्या कॅमेऱ्याने काही केलं नव्हतं त्याला माझा कागद मारणार होता. मी वाटेत मला येतील तेवढ्या देवांची नावं घेतली. एम.एस्सी. झाल्यावरही ती सगळी पाठ होती.

भिवंडीतला तो दवाखाना जिन्यावरून चढून जायचा. बाहेरच्या बाकावर तिघं बसलेली. वैशाली मधे, मांडीवर फाइल, डोळे सुजलेले. एका बाजूला हिराबाय, पदराचा बोळा तोंडात. दुसऱ्या बाजूला दिनेश, टेम्पो चालवणारा, धिप्पाड आणि त्या क्षणी अगदी पोरका दिसणारा. मला बघून तो उठला. चारपदरी घडी घातलेला कागद त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

“अजून झालं नाही ना?” मी विचारलं.

“दुसरे डाक्टरची सही लागते म्हनं. ते येतायत.”

देव कुठल्या रूपात भेटेल सांगता येत नाही. मला त्या दिवशी तो दुसऱ्या डॉक्टरच्या उशिरात भेटला.

“दिनेश, कुठे लिहिलंय मी धोका आहे म्हणून?”

त्याने कागद उलगडला. बोट ठेवून वाचू लागला. “हे बघा. ‘संभवनारा धोका’. संभवनारा म्हंजे होनारा. आनि पुढं, ‘नगण्य’.” त्याने शब्द फोडला, शाळेत शिकवतात तसा. “न, गण्य. गनती न्हाय. गनती न्हाय इतका धोका.”

पोरगा चुकला कुठे होता? शब्द फोडला तर अर्थ तोच निघतो की! ज्याची गणती नाही ते मोजण्याइतकंही नसतं, की मोजता येणार नाही इतकं असतं, हे त्या शब्दात लिहिलेलं नाही. ते फक्त आम्हा शिकलेल्यांना माहीत असतं, आणि आम्ही ते एकमेकांनाच लिहितो. ‘अत्यल्प’ त्याने कठीण वाटला म्हणून सोडून दिला होता. मीही शाळेत तेच करायचे.

मी तशीच आत डॉक्टरांकडे घुसले. डॉक्टर मध्यमवयीन, टेबलावर माझ्या पत्राची झेरॉक्स.

“तुम्ही डॉक्टर?”

“नाही. एम.एस्सी. अणुभौतिकी. किरणांची सुरक्षा बघते.”

“मग?”

या एका ‘मग?’मध्ये माझी सहा वर्षांची पदवी आणि पदविका मावली. मी म्हटलं, सर, पत्रात धोका नाही असंच लिहिलंय. ते म्हणाले, “मराठी वाचायला मला जरा वेळ लागतो. वर चिन्ह बघितलं, रेडिएशन दिसलं. उद्या पोर अधू निघालं तर लोक माझा दवाखाना फोडतील. मी कशाला रिस्क घेऊ?” मग मी त्यांना इंग्रजीत आकडा सांगितला. एका वाक्यात. त्यांचा चेहरा मोकळा झाला. “एवढाच? अहो, मग हे इंग्लिशमध्ये लिहायचं ना!”

म्हणजे माझा कागद दिनेशला कळला नाही कारण तो मराठीत नव्हता, आणि डॉक्टरांना कळला नाही कारण तो मराठीत होता. असा कागद लिहायला खरंच फार शिकावं लागतं.

“माझी हरकत नाही,” डॉक्टर हात झटकत म्हणाले. “पण नातेवाइकांनी ठरवायचं. म्हातारी ऐकत नाहीये.”

बाहेर येऊन मी हिराबायच्या समोर जमिनीवरच बसले. ऑफिसातली बोली कधी गळून पडली मला कळलं नाही. “आये, माजी चूक झाली. मी चुकीचा लिवला. कायच न्हाय होनार पोराला. आयकलास? कायच न्हाय.”

हिराबायने तोंडातला पदर काढला. “मंग कागदावर असा का न्हाय लिवलास?”

काय सांगू? असं लिहिलं असतं तर सही शोभली नसती, असं सांगू?

“आता आमी दवाखान्यान आलाव म्हून तू बोलतंस. कंपनीन तुना पाठवला आसंल, बोंब नको म्हून. तिकडं पाड्यावर एकीचा पोर हाय, दहा वर्साचा झाला तरी मान धरत न्हाय. त्याची आय रोज मरते. मना नातू पायजे गो, चार वर्सा देवाला हात जोडलं. पन असा नको.” तिने वैशालीच्या पाठीवर हात ठेवला. “वैशालीला काय, पोर हाय ती. नंतर जल्माचा करनार कोन?”

तेव्हा वैशाली बोलली. सकाळपासून पहिल्यांदाच, असं दिनेशने मागाहून सांगितलं. “मना माजा पोर पायजे,” ती म्हणाली. “मॅडम, खरा सांगा. मी आयकीन तुमचा.”

सगळा बाक माझ्याकडे बघत होता. हिराबाय पुढे वाकली, तिचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर. “तू सांग. तुजे पोटान पोर आसता, त बसली आसतीस त्या पेटीवर?”

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण तेव्हा मी ती कुणालाच सांगितली नव्हती. मला दहावा आठवडा होता. नवऱ्यालाही बोलले नव्हते. आमच्या धंद्यात नियम आहे, बाई गरोदर राहिली की ताबडतोब कळवायचं, म्हणजे पोटातल्या जिवासाठी कामाची मर्यादा आखतात. नियम चांगला आहे, मीच तो इतरांना शिकवायचे. पण आमच्या कंपनीत त्याचा अर्थ एकच होता, मीटर काढून घ्यायचा आणि बाईला टेबलावर बसवायचं, ते कायमचं. माझ्याआधीच्या एकीचं तसंच झालं होतं. म्हणून मी आज सांगू, उद्या सांगू करत होते. नियम शिकवणारी मी, नियम मोडणारीही मीच.

“बसले ना,” मी म्हणाले. “शुक्रवारीच. तुमच्या गोदामातून ऑफिसपर्यंत तीच पेटी शेजारी घेऊन बसले व्हते. माज्या पोटान हाय, आये. दहावा आठवडा.”

जिन्यात उभ्या असलेल्या शंकरच्या हातातली किल्ली खाली पडली. मग हिराबायचा झाडू धरून धरून खरबरीत झालेला हात पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पोटावर टेकला.

“घरच्यांना म्हाईत हाय?”

“न्हाय.”

“येडी गो येडी!” ती कडाडली. “आनि जीपमंदी नाचतंस? आदी घरा जाऊन सांग!” मग गुडघ्यावर हात देऊन उठली. “चल गो वैशाली, घरा. दिनेश, ती फाइल घे. आनि तो कागद फाड.”

दिनेशने कागद फाडला. माझ्या मराठी लेखनाची एवढी योग्य समीक्षा नंतर कुणी केली नाही.

शंकरच्या पोटात काही राहत नाही. आम्ही ऑफिसात पोचायच्या आत त्याच्या फोनने बातमी मालकांच्या टेबलावर होती. मालक अगदी वडिलांच्या मायेने बोलले. म्हणाले, “नियम तो नियम. तुम्हीच तर शिकवता.” वर कळवल्याचा सूड इतक्या प्रेमाने घेता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मीटर गेला, टेबल आलं. बाळंतपणाहून परतले तेव्हा मीटर दुसऱ्याच्या गळ्यात होता आणि मी इतरांच्या सह्या तपासत होते. पुढे ती नोकरी सोडली. आता मी कंपन्यांमध्ये जाऊन कामगारांना किरणांपासून कसं जपायचं ते शिकवते, ज्याच्या त्याच्या बोलीत. तरुणांनी ही चौथी संधी म्हणून लिहून घ्यावी.

पुढे हिराबाय मला भेटायला अंजूरला आली. पहिलटकरीण म्हणून मी माहेरी होते, पोट समोर आलेलं. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. नातू झाला होता. “गोरापान,” ती म्हणाली, “बापासारखा न्हाय, देवाची दया.”

मी विचारलं, “सगळं नीट आहे ना? हातपाय, बोटं, सगळं बघितलंत ना नीट?”

“क्याला बगू?” तिला माझाच राग आला. “तू बोल्ली व्हतीस ना, कायच न्हाय होनार.”

त्यानंतर दीड महिन्याने माझी मुलगी झाली. नर्सने ती माझ्या हातात दिली. तिच्या आजीने विचारलं, कुणावर गेलीय गं? मी तिची बोटं मोजत होते. आधी हातांची, मग पायांची. वीस भरली. मग मी ती पुन्हा पहिल्यापासून मोजली.